अंतरपाटाआडचा आवाज

३ एप्रिल, गुरुवार
आजपासून या घरात कुकरच्या शिट्टीवर बंदी. संध्याकाळी सात ते नऊ. फर्मान ह्यांनी स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकवलं. चेहरा असा की युद्धच पुकारलंय. कारण : ‘गंभीर श्रवण’. पंखाही एकवर. एप्रिलात. बारामतीत. घाम पुसायचा तोसुद्धा आवाज न करता. डाळ अर्धी कच्ची राहिली आणि दाताखाली कटकट वाजली. त्या आवाजाला मात्र हरकत नव्हती.

हे सगळं दाजींचं. माझ्या आक्काचे यजमान, म्हणजे ह्यांचे साडू. भवानीनगरला असतात. सगळी नोकरी साखर कारखान्यात, टर्बाइनशेजारी. निवृत्त झाले, परदेशी स्पीकर घेतले आणि आता त्यांना तबला आणि तानपुरा यांच्यामधली हवा ऐकू येते. आक्काची हाक येत नाही.

६ एप्रिल, रविवार
मामला वाटला त्याहून गंभीर. ह्यांनी दाजींसारखेच स्पीकर घ्यायचं ठरवलंय. पैसे कुठले? व. खो.चे.

व. खो. : वरची खोली. गच्चीवर. एक खिडकी, एक टेबल, दाराला आतून कडी. साप्ताहिकातला माझा तिरका मजकूर मी इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्या सरकवून लिहितेय. तिच्यासाठी साठवलेली ठेव मोडणार म्हणे. ‘खोली काय, पुढच्या वर्षी.’ गेल्या वर्षीही पुढचंच वर्ष होतं.

वायर तर येऊनही पडली. मखमली पिशवीत. बोटाएवढी जाड, अंगावर सापासारखी जाळी, आणि छापलेले बाण. संगीतानं कुठल्या दिशेनं वाहायचं ते त्याला कळावं म्हणून. नीरेच्या कालव्यालासुद्धा कुणी बाण काढून दिलेले नाहीत.

भांडले नाही. भांडले की हे डोळे मिटतात आणि ते श्रवण समजलं जातं.

९ एप्रिल, बुधवार
कॉलेजातून येताना तात्यांच्या रसवंतीत थांबले. चरकाचे घुंगरू, वर जुनं भजन. पेला अर्धा झाला आणि लक्षात आलं, हेच भजन महिन्यापूर्वी दाजींच्या हॉलमध्ये ऐकलंय. तिथं पाणी मागायचीही चोरी होती. इथं बाई तेवढीच स्वच्छ गात होती, शिवाय लिंबू-आलं.

तात्यांचे स्पीकर अगदी साधे, देशी, यंदाच घेतलेले. रविवारपुरते मागितले. कशाला, विचारलं नाही. फक्त म्हणाले, “न्या की. पर सोमवारी सकाळच्याला पायजेत हितं. जयंतीची मिरवणूक जाती, गर्दी आसती. गाणं नसलं की गिऱ्हाईक थांबत न्हाय, म्याडम.”

शब्द दिला.

११ एप्रिल, शुक्रवार
दाजींना फोन. कुठले स्पीकर वाजतायत ते न बघता ओळखायचं, एवढंच म्हटलं. ते हसले. मुलाच्या आईनं मुलीला ‘चहा तरी येतो का’ विचारावं, तसं. अटी त्यांच्याच : दोन्हींचा आवाज मोबाइलवर मोजून सारखा ठेवायचा, कारण मोठा आवाज उगाच चांगला वाटतो. (हे खरं आहे. माणसांनाही लागू.) भजन त्यांच्या आवडीचं. स्वतःचे स्पीकर गोधडीत गुंडाळून घेऊन येणार.

माझी अट ह्यांना. दाजींनी ओळखलं तर ठेव मोडा, मी चकार शब्द काढणार नाही. चुकले तर व. खो. ह्यांनी लगेच ‘हो’ म्हटलं. इतका विश्वास ह्यांनी माझ्यावर ठेवला असता तर एव्हाना वर माडी झाली असती.

पडद्याचा प्रश्न. ट्रंकेतून आमच्या लग्नातला अंतरपाट काढला. कुंकवाचं स्वस्तिक अजून शाबूत.

१३ एप्रिल, रविवार
लिहायला हात शिवशिवतोय. क्रमानं लिहिते.

अंतरपाट दोरीला चिमट्यांनी टांगला. मागं दोन्ही जोड्या आणि आक्का. बटणं तिच्या हातात. एवढा उत्साह मी तिच्या चेहऱ्यावर तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. तात्यांच्या स्पीकरना उसाचा आणि आल्याचा वास येत होता. कान चुकले तरी नाक सांगेल, म्हणून दोन उदबत्त्या लावल्या. ह्यांना वाटलं, मंगल प्रसंग. खुर्चीतून हळूच ‘सावधान’ म्हणालेसुद्धा.

पहिली फेरी. एकदा अलीकडची जोडी, एकदा पलीकडची. दाजी डोळे मिटून, बोटं हनुवटीवर. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा मान डोलली. “हा. ह्याच्यात हवा आहे. पहिलं आपलं टपरीवरचं.”

आक्का आतून खोकली फक्त.

दुसऱ्या फेरीत म्हणाले, हेच माझे, शंकाच नाही. तिसऱ्या फेरीत तर रंगलेच. ह्यांना समजावू लागले की बघ, आता ती श्वास घेते तो वेगळा कळतो, आणि मघाच्यात श्वास नव्हताच, नुसता घसा होता. हे माना डोलावत होते. मीही डोलावली.

मग अंतरपाट बाजूला केला. आयुष्यात दुसऱ्यांदा त्याच्याआड काय आहे ते न कळताच ह्यांनी हो म्हटलं होतं. पहिल्या फेरीतली ‘हवा’ रसवंतीची. दुसरी दाजींनी बरोबर ओळखली, खोटं कशाला लिहू. तिसऱ्या फेरीत आक्कानं दोन्ही वेळा एकच जोडी वाजवली होती. दाजींचीच.

मग आक्का म्हणाली, “अहो, श्वास कुणाचा ऐकलात?”

दाजी ताडकन उठले. व्होल्टेज, फरशी, पंखा, उदबत्तीचा धूर, सगळ्यांना दोष देत स्पीकर उचलायला गेले आणि तात्यांच्या वायरीत पाय अडकला. वायर तुटली. पडले नाहीत. जेवायला थांबले. कुकर झाकला, साडेसात वाजले होते, आणि चार शिट्ट्या होऊ दिल्या. पुरणाला तीन पुरतात. चौथी माझी.

हे ताट उचलताना म्हणाले, “खिडकी उत्तरेला ठेवू. ऊन लागणार नाही तुला.”

वर जाऊन गच्चीत उगाच फिरून आले. कडी कुठं येईल तिथं हात ठेवून पाहिला. तिथं अजून नुसती हवा आहे. ती मात्र मला ऐकू आली.

१४ एप्रिल, सोमवार
सकाळी तात्यांचे स्पीकर द्यायचे, वायर तुटलेली, दुकानं बंद. मखमली पिशवी कपाटात पडूनच होती. ह्यांना विचारलं नाही. पक्कड घेतली, मधोमध कापली, टोकं सोलली. रसवंतीत जाऊन स्वतः जोडून दिली. तात्या उसाची मोळी सोडत होते.

“नवी वायर? किती द्यायचं?”

तुमची आमच्याकडं तुटली, ही घरात पडून होती, म्हटलं. फिटलं.

दुपारी मिरवणूक. निळे झेंडे, गुलाल, रसवंतीत पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी पांगापांग झाल्यावर गेले. तात्यांनी पेला पुढं केला, डोकं किंचित कलतं केलं.

“म्याडम, काय केलं वो? बाई जवळ येऊन गातीय जणू.”

वायर बदलली, म्हटलं. ते ‘व्हय’ म्हणून चरकाकडं वळले.

पेला संपेपर्यंत कान देऊन उभी राहिले. घुंगरू थांबले होते. मग आणखी एक पेला सांगितला.

गवंडी बुधवारी मापं घ्यायला येतोय. उत्तरेची खिडकी नक्की. ह्यांनी वायरीची चौकशी अजून केलेली नाही.

एक नोंद. जोडताना बाण स्पीकरकडं आहेत ना, हे मी वाकून दोनदा बघितलं होतं. का, ते लिहीत नाही.