सांजवातीआधीचं ताट

गुरुजी, तुम्ही आठवीत शिकवलेल्या दोन इंग्रजी क्रियापदांतला फरक मला आता, पन्नाशीच्या तोंडाशी उमगला, म्हणून लिहितो आहे. अडॉप्ट आणि अडाप्ट. मी वहीत एकाच्या जागी दुसरं लिहिलं होतं आणि वर म्हणालो होतो, "काय फरक पडते गुरुजी?" तुम्ही चिडला नाहीत. शाळेमागच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत घेऊन गेलात. माणसं उकिडवी बसून जंभेरी लिंबाच्या खुंटाला चीर देताहेत, तीत संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवून वरून पट्टी बांधताहेत. "हे पाह्य. जंभेरीनं परका डोळा आपला म्हणून घेतला, हे अडॉप्ट. तो डोळा हळूहळू तिच्या रसाशी जुळवून घेईन, ते अडाप्ट. आता सांग, पयले साल कोणाची चिरली?" मी म्हणालो, जंभेरीची. "मंग? पडते का नाही गा फरक, शहाण्या?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो आणि विसरून गेलो.

यंदा आम्ही नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी सहा वर्षांची मुलगी दत्तक आणली. आमच्याकडे सांजवात लागते, मी हरिपाठ म्हणतो, आरती होते, मगच ताटं वाढतात. वडिलांपासूनची रीत. मुलगी संस्थेत वाढलेली, तिथं सहाला जेवण. आमचं आटपेस्तोवर आठ वाजतात. ती माझ्याशेजारी हात जोडून बसायची, एक शब्द बोलायची नाही. पोरगी किती लवकर रुळली, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचो. महिनाभरानं तिनं बायकोला हळूच विचारलं, "इथं जेवायची घंटी कधी वाजते?" बायको देवघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, पोरीले भूक लागून राहिली. देव थांबन थोडा. ते पोरगी काही बोलणार नाही, निस्ती बसून राहीन."

आता तिचं ताट आधी वाढतो. मीही तिच्याबरोबर जेवतो, हरिपाठ नंतर. पहिल्या दिवशी माझं लक्ष सारखं देवघराकडे जात होतं. परवा ती जेवताजेवता म्हणाली, "भाजी खारट झाली." या घरातली तिची पहिली तक्रार.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. तिची भूक माझ्या ध्यानात आली नाही, असं मी बायकोला सांगितलं. ते खरं नाही, गुरुजी. तिची नजर स्वयंपाकघराकडे जायची ते मला दिसत होतं. होईल सवय, असं मनाशी म्हणून मी पुढचा अभंग सुरू करायचो.