बिनजखमेची कातडी

येडशी, ११ मार्च १९७३
आले एकदाची! कॉलेजचे सेक्रेटरी नानासाहेब स्वतः स्टेशनवर आले होते. साखर कारखान्याच्या संस्थेनं काढलेलं हे कॉलेज अगदी नवं आहे आणि त्यातली पहिली बाई म्हणजे मी, उत्पला सोनकांबळे, प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. खोली उजेडाची आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, पार करपलेला.

माझं काम कॉलेजच्या नव्या प्राणिशास्त्र संग्रहालयात. महाराष्ट्र दिनाला मंत्री उद्घाटनाला यायचेत. मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारे आबाराव भेटले. निजामाच्या काळात हैदराबादला एका शिकारखान्यात शिकलेत. म्हणाले, "पूर्वी पोतं भरल्यागत भरायचे, बाई. जनावर फुगायचं. आता हाडाच्या मापानं तारेचा सांगाडा, त्यावर काथ्या, मग कातडं. तवा ते हुबं राहतंय."

१९ मार्च
आज कातड्याला आतून सोमलाचा साबण चोळायला शिकले. त्यानं कसर लागत नाही. सोमल म्हणजे जालीम विष, म्हणून हात धुवायचं आबारावांनी तीनदा बजावलं. पण धुवायला तांब्याभरच पाणी. टँकर आलेला नाही.

लांडग्याच्या ओठांना मेण लावून त्यांनी इतकी ओल आणली, की मी बोट लावून बघितलं. मोठा कलावंत माणूस.

२ एप्रिल
हरीण, कोल्हे, खोकड, साळिंदर. एकाच्याही कातड्याला छऱ्याचं भोक नाही. आबाराव म्हणाले, शिकारबंदीचा कायदा झालाय, मारतंय कोण? दुष्काळानं मेलेलीच गोळा करतो. पटलं. तरी आज कोल्ह्याच्या कातड्याखाली चरबी दिसली. उपासानं मेलेल्याला चरबी कशी?

९ एप्रिल
आबाराव उस्मानाबादला गेलेले. तेवढ्यात एक तरस आलं, ते मीच चिरलं. पोट पाण्यानं टम्म. जठर आतून लालभडक.

तहानेनं मेलेल्याच्या पोटात एवढं पाणी?

ते परतल्यावर विचारलं. चाकू पुसत राहिले, माझ्याकडं बघितलंच नाही. "उद्घाटन होऊ द्या बाई. मग काय ते इचारा."

१५ एप्रिल
काल जयंतीला आपल्या वस्तीत गेले होते. चांगुणाबाईंनी भाकरी खाऊ घातली. त्या दुष्काळी कामावर खडी फोडतात. त्यांची शेळी डोंगरातल्या खालच्या कुंडावर पाणी प्याली आणि तिथंच तडफडून मेली. "म्या वरडत गेले, तर आबाराव आधीच तिथं बसल्यालं. शेळी मेली म्हून हळहळलं बी न्हाय. नुसतं कातडं चाचपून बघितलं."

तिथं ते कशाची वाट बघत होते?

टँकर गावात थांबतो, वस्तीपर्यंत येत नाही. बायका वरच्या कुंडातून पाणी भरायच्या. ते परवा आटलं. आता सगळ्या खालच्या कुंडावर जाणार, जिथं जनावरं पितात.

१६ एप्रिल
साबणात घालायच्या सोमलाच्या पांढऱ्या पुडीची बरणी निम्मी रिकामी. महिनाभर नवा साबण केलेला नाही, मी रोज तिथंच असते.

नानासाहेबांकडं गेले. कुंडात सोमल कालवून जनावरं मारली जातायत, सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. हळू आवाजात म्हणाले, उद्घाटनाला एवढा बिबट्या मिळू द्या, मग बंद करतो.

म्हणजे त्यांना आधीपासून—

१७ एप्रिल
चांगुणाबाईंची थोरली मुलगी गेली. सकाळी घागर आणली, दुपारी उलट्या. डॉक्टरांनी कॉलरा ठरवला. पाण्यात सोमल आहे हे मी वस्तीत सांगायला गेले, पण बायका बघतच नाहीत माझ्याकडं. आबाराव माझ्याआधी येऊन गेले म्हणे. काय सांगून गेले, कुणी बोलेना.

१८ एप्रिल, सकाळ
कुंडावर बसलेय. कुणाला पाणी भरू द्यायचं नाही. बरणी आणलीय दाखवायला. कपारीत पांढरी पूड अजून चिकटलेली आहे. दोघीजणी आल्या, मला बघून घागरी टाकून पळाल्या.

खालून माणसं चढतायत. खूप. बरं झालं, सगळ्यांना एकदमच सांगता येईल.

पुढं आबाराव. नानासाहेबही आहेत.

आबाराव ओरडतायत, "बघा, बरणी तिच्याच हातात हाय!"

हे लिहून कपारीत ठेवणार आहे. कुणी वाचलं तर, विष मी नाही—

चांगुणाबाई सगळ्यांच्या पुढं आल्यात. रडतायत. हातात खडीचा हातोडा—

आता उठून त्यांच्याकडं जाईन. त्या ऐकतील. त्यांनी मला भाकरी खाऊ घातलीय.

त्यांना म्हणेन, चांगुणाबाई, आधी माझं ऐ