तुझा कॉम्प्युटर परत केला

प्रिय टिल्लू,

तू पाठवलेला कॉम्प्युटर परत गेला. तुझ्या दादाने नाही, मी परत पाठवला, तेव्हा जो काही राग यायचा तो माझ्यावर येऊ दे. खोकं दारातून आत येईना म्हणून दोन माणसांनी ते आधी आडवं केलं, मग उभं केलं, मग दाराची चौकट खरवडून एकदाचं आत ढकललं. उघडून पाहते तर गुडघ्याच्या वर येणारं कपाट, एका अंगाने काच, आणि बटण दाबल्याबरोबर जांभळे, हिरवे, निळे दिवे. खोलीत सर्कस उतरल्यासारखं वाटलं. तू म्हणशील, दिवे बंद करता येतात. केले. पण पंख्यांचं काय करू? सात मोजले मी. आणि आमची खोली तू पाहिली आहेस. पलंग, कपाट, खिडकी आणि ते टेबल, ज्याच्या पायाला तुझी नडगी आपटली होती आणि तू अख्ख्या घराला ऐकवलं होतंस. त्याच टेबलावर दादाचा दात स्कॅन करायचा डबा, प्लास्टरच्या जबड्यांचा ट्रे, पडदा आणि त्याचा चहा. त्यात हा पेटारा ठेवला तर दादाला पलंगावर बसून काम करावं लागेल.

तू आधी पाठवलेली यादीही वाचली होती, बरं का. चार पानं. कुठला प्रोसेसर, कुठलं ग्राफिक्स कार्ड, आणि अकरा व्हिडिओ. ते व्हिडिओ मी बसच्या डेपोत डब्याच्या सुट्टीत बघितले. माझी वेळापत्रकं बनवायची राहिली, शेजारच्या टेबलावरची बाई विचारायला लागली की मॅडम, नोकरी बदलताय का. दीड महिना मी या एकाच गोष्टीच्या मागे होते आणि नाकी नऊ आले. मागणी तरी काय होती माझी? लहान हवा, शांत हवा, आणि दमदार हवा. दुकानदाराला तीन गोष्टी सांगितल्या की तो दोनच ऐकतो. लहान आणि शांत म्हटलं की पुस्तकाएवढी डबी काढतो. ती घरी आणून तिच्यावर दादाने पडद्यावर एक जबडा उघडून फिरवला तर तो जबडा दुखतोय अशा बेताने फिरला. लहान आणि दमदार म्हटलं की असं यंत्र पुढे करतो, जे पाच मिनिटांत केस वाळवायच्या ड्रायरसारखं ओरडायला लागतं. आणि दमदार नि शांत म्हटलं की कपाट. एकाने तर मला विचारलं, "ताई, घरात गेम खेळणारं आहे कोण? मुलगा का?" म्हटलं, नवरा, वय चोपन्न. तो हसला. मी त्याच्या दुकानातून पंखासुद्धा घेणार नाही.

आधीच्या कॉम्प्युटरात काय वाईट होतं, असं तू मेसेजमध्ये विचारलंस. वाईट काही नव्हतं. लॅबने पाठवलेल्या जबड्यांसाठी दादा त्याच्यावर दातांच्या टोप्या घडवायचा, त्या तिकडे मशीनवर कोरल्या जायच्या आणि कुणाच्या तरी तोंडात बसायच्या. काम चालत होतं. फक्त तो घरघरायचा. आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण दादा त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलायचा. आठवतं ना? रविवारी चार वाजता तुम्ही दोघं कॉम्प्युटरवर तुमच्या त्या गाड्यांच्या शर्यतीत बसायचात. तू तिकडून गाडी चालवायचास आणि दादा शेजारच्या सीटवर बसल्यासारखा इकडून वळणं आणि ती किती वाकडी त्याचे आकडे सांगायचा. "डावं तीन! लगेच उजवं! अरे, उजवं म्हणजे जेवतोस तो हात!" खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात मला विचारायचे, "आज दरीत पडले का पोचले?" मी इस्त्री करत तुम्हाला शिव्या घालायचे. बारा वर्षं घातल्या. आता त्या शिव्या घालायलाही काही उरलं नाही.

मागच्या वर्षी दादाच्या गळ्यातल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, एका बाजूचा स्वरतंतू काढला, आणि राहिली ती कुजबुज. शेजारी बसून ऐकली तर स्पष्ट ऐकू येते. त्याचे विनोदही तसेच आहेत, फक्त आता जवळ जावं लागतं. पण त्या घरघरीच्या वर ती कुजबुज चढेना. हेडफोनच्या माइकमध्ये आधी पंखा जायचा आणि मग दादा. ऑपरेशननंतर तू एकदाच त्याच्याबरोबर खेळलास. मी तिथेच होते. तो सांगत होता, डावं दोन, पुढे दगड. तू म्हणालास, "दादा, काही ऐकू येत नाहीये, पंख्याचाच आवाज येतोय, नीट कर मग बसू." मग गाडी दरीत गेली आणि तूही. मला वाटलं, खरंच पंख्याचं आहे. दादालाही तेच वाटलं. त्या दिवसापासून त्याने कॉम्प्युटरचा ध्यास घेतला. माझ्या धावपळीचं कारण हेच होतं, टिल्लू. दातांसाठी जुना पुरला असता.

म्हणून शेवटी मी त्यालाच दुकानात घेऊन गेले. माझी पद्धत साधी: यंत्र चालू करायचं, त्यावर गेम लावायचा, आणि दादाने शेजारी उभं राहून बोलायचं. मला दोन हातांवरून ऐकू आलं तर घ्यायचं. मोठ्या दुकानातला विक्रेता टाय वगैरे लावलेला. दादाने त्याला काहीतरी विचारलं. "काका, जरा मोठ्याने बोला ना." दादाने पुन्हा विचारलं. "काका, मोठ्याने!" आजूबाजूची चार गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. तिसऱ्यांदा तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काय म्हणतायत हो हे?" जसं काही दादा तिथे नव्हताच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला एवढ्या मोठ्याने सुनावलं की दुकानातले सगळे पडदे ऐकत असावेत. दादाने माझा दंड धरला आणि बाहेर नेलं. फुटपाथवर मला वाटलं तो चिडेल. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आपल्या दोघांत मिळून आवाज पुरतो की." मला हसूही आलं आणि तिथे उभं राहून रडूही.

यंत्र शेवटी एका दुरुस्तीवाल्या बाईने बांधून दिलं. डेपोतले कॉम्प्युटर तीच बघते. तिच्या गाळ्यात दोन खुर्च्या आणि ढीगभर वायरी. दादा बोलायला लागला तशी तिने काही न विचारता आधी भिंतीवरचा पंखा बंद केला, मग दार लोटलं, आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली. पाऊण तास दोघांचं चाललं होतं. मी वायरींकडे बघत बसले. ती म्हणाली, आवाज ताकदीचा नसतो, घाईचा असतो. छोटा पंखा गरगर फिरतो म्हणून किंचाळतो. मोठा लावला की सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो. आणि ग्राफिक्स कार्डाला थोडी कमी वीज घ्यायला लावली तर ते तापतं खूप कमी, आणि खेळात फरक डोळ्यांना कळत नाही. तुझ्या चार पानांत हे कुठेही नव्हतं. दोन बुटांची खोकी एकमेकांवर ठेवावीत एवढा झालाय तो. काळा, एकही दिवा नाही, शोधावा लागतो. पहिल्या दिवशी दादाने सहा दातांचा ब्रिज उघडून गरागरा फिरवला, मग तुमची शर्यत लावली, आणि मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याला म्हटलं, बोल. तो बोलला. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

हे झालं पाच आठवड्यांपूर्वी. तुला त्याने कळवलं होतं. तू उत्तरात लिहिलंस, कमाल, आणि दुसऱ्याच आठवड्यात तो तुझा पेटारा दारात. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. ज्याच्याकडे नुकतं नवं यंत्र आलंय त्याला कुणी दुसरं का पाठवेल? पाच रविवार दादा चार वाजता अंघोळ करून, शर्ट घालून बसतो. शर्ट कशाला, तू त्याला बघणार नाहीस, म्हटलं तर म्हणतो असू दे. तू ड्युटीवर असशील, असं मी पहिल्या दोन वेळेला सांगितलं. मी त्याच्याशी खोटं बोलले, कारण तुझी सुट्टी रविवारी असते हे मला माहीत आहे. तिसऱ्या रविवारी मी त्याच्या मागे उभी होते. पडद्यावर तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे तू खेळात होतास. दादा आत शिरला आणि ठिपका गेला. चौथ्या रविवारी तेच. दादाने वळून पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "मी आलो की जातो." त्याने ते कुजबुजत म्हटलं, आणि त्या भिकारड्या यंत्राने एक सूर काढला नाही, मला नीट ऐकू आलं. त्या दिवशी मला सात पंख्यांचं ते कपाट पुन्हा हवं होतं.

तुला वाटतं मला कळत नाही? कळतं रे. तुला त्याचा तो आवाज ऐकवत नाही. मीही पहिले दोन महिने भांडी घासताना नळ मोठा सोडायचे. तुझे वडील गेले तेव्हा तू आठवीत होतास आणि त्यानंतर घरात जो मोठा आवाज होता तो दादाचाच. तो गेला म्हणजे जमीन गेल्यासारखं तुला होत असेल. पण तो गेलेला नाही, टिल्लू. तो तिथे बसलाय, शर्ट घालून. आणि तू त्याला सामान पाठवतोयस.

मेसेज केला असता, पण तू एक अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद. दादाने मला शपथ घातली आहे की हे तुला सांगायचं नाही. टिल्लू लहानपणापासून घाबरट आहे, नंतर सांगू, असं त्याचं म्हणणं. मी शपथ मोडते. मागच्या तपासणीत गळ्यात पुन्हा कॅन्सर सापडला. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला डॉक्टर सगळं स्वरयंत्र काढणार. त्याच्या जिवाला धोका त्यांना फारसा वाटत नाही, नंतर गळ्याला लावायच्या उपकरणाने बोलायला शिकवतील, तेही चांगलं जमतं म्हणाले. पण तो आवाज यंत्राचा असेल. ही कुजबुज, जी अजून त्याची स्वतःची आहे, ती नऊ तारखेच्या सकाळपर्यंत आहे. पत्र पोचेपर्यंत एक रविवार गेलेला असेल. त्यानंतर तीन उरतात. दादाला विचारू नकोस, काही समजल्याचं दाखवू नकोस, रडायचं असेल तर आधी रडून घे. चार वाजता फक्त ये आणि गाडी सुरू कर. वळणं तो सांगेल.

तुझ्यावर मनापासून चिडलेली, आणि तरी तुझीच,
वहिनी