डोंगर जवळ आले त्या दिवशी

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि वाचता तर तुम्हाला कधीच येत नव्हतं, तरी लिहायला बसलोय. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, तेव्हा ओळी वरखाली होतील. मी जर्मनीत आहे. पार दक्षिणेला सपाटी संपून आल्प्सचे डोंगर एकदम उभे राहतात, तिथल्या एका गावात पंजाबी मालकाच्या हॉटेलात तंदूर सांभाळतो. तीन वर्षं झाली, इथल्या हवेचा भरवसा काही वाटत नाही. खाली गावात माणसं शर्टावर बसलेली असतात आणि वर केबलकार थांबते तिथे बर्फ पडत असतो. एका खोऱ्यात पाऊस, खिंडीपलीकडे लख्ख ऊन. मी दिवसातून दहादा मागच्या दाराशी जाऊन आभाळ बघतो. मालक हसतो, "ओये, विमान यायचंय का तुझं?" आजही चारदा बघून आलो. का, ते सांगतो.

गेल्या ऑक्टोबरचा एक दिवस, तरी वारा गरम होता. डोंगर इतके स्वच्छ की हात लावावा. आमच्याकडे वाढायला आहेत त्या बाई इथल्याच, साठीच्या. सकाळपासून कपाळ दाबत होत्या. "फ्योन," म्हणाल्या. डोंगरापलीकडून उतरणारा गरम वारा, त्यानं डोकं धरतं. मी मनात म्हटलं, वाऱ्यानं कुणाचं डोकं धरतं होय! मला तुम्ही दिसत होता. गडाखालचं आपलं घर, आई चुलीपाशी भाकऱ्या थापतेय, पुण्यामुंबईचे ट्रेकर ओट्यावर बुटांच्या नाड्या बांधतायत आणि तुम्ही, त्यांचे वाटाडे, समोरच्या रांगेकडे डोळे बारीक करून बघताय. पलीकडच्या सुळक्याच्या घळी उघड्या दिसल्या की म्हणायचात, "जावा बिनघोर, सांजपर्यंत काही नाही." सुळका पुसट झाला की कितीही गयावया केली तरी कुणाला वर नेत नव्हता. तुमचं चुकलेलं मी पाहिलं नाही.

दुपारी बाराला तिघं जेवायला आली. एश्बॉर्न नावाच्या शहरातला एक आयटीवाला, त्याची बायको आणि पुण्याहून आलेली त्याची आई. मराठी कानावर पडली तसा मी पिठाच्या हातानंच बाहेर गेलो. "अगंबाई, इथेसुद्धा आपला माणूस!" काकू म्हणाल्या. "नान तू केलेस? मग ते मऊ होणारच." त्यांना केबलकारनं वर जायचं होतं. उतरायचं कसं, यावर दोघांचं चाललं होतं.

"अहो, अ‍ॅपवर चारनंतर ढग दाखवतंय. येतानाही केबलकारनंच येऊ."

"तुझं अ‍ॅप काल पण दाखवत होतं. पडला का एक थेंब?" मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा, तुम्ही इथले."

मी इथला! तीन वर्षांत नान किती लावू यापलीकडे मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी तिघांना बाहेर नेलं, बोट दाखवलं. "त्या घळी दिसतायत ना? त्यांच्या खालच्या वाटेनं बिनघोर चालत उतरा. माझे वडील गडावर वाटाडे होते, त्यांनी शिकवलंय." काकू सुनेला म्हणाल्या, "बघ, मोबाइलमध्ये नसतं हे." सहाला टेबल ठेवा सांगून ती तिघं गेली.

चारच्या सुमाराला वारा एकदम पडला. मग उलट्या बाजूनं थंडगार सुटला आणि वरचे डोंगर दिसेनासे झाले. बाईंनी बाहेरच्या खुर्च्या कधीच आत घेतल्या होत्या. म्हणाल्या, "डोंगर असे जवळ आले की आम्ही वाळत घातलेले कपडे आत घेतो. फ्योन कोसळला की वर बर्फ."  मी तंदूर सोडून मागच्या दाराशी गेलो.

सहा वाजले, टेबल रिकामं. मालकानं फोन लावला, लागत नव्हता. "तू काय बोलत होतास रे त्यांच्याशी बाहेर? कुठल्या वाटेनं गेले?" मी म्हणालो, "काही नाही, गावाकडच्या गप्पा." नान लावत राहिलो, दोन जळाले. मी दहा वर्षांचा असताना स्वतः न बघताच ट्रेकरना सांगितलं होतं, वरच्या टाक्यात पाणी आहे. टाकं कोरडं होतं. तुम्ही मारलं नाहीत, डोक्यावर हंडा देऊन मला त्यांच्यापर्यंत चढवलंत. वाटेत एवढंच बोललात, "माहीत नाही म्हणायची लाज वाटती का तुला?" साडेसहाला मी मालकाला सगळं सांगितलं. बाईंनी बचावपथकाला फोन केला, मी वाट दाखवली तशी त्यांनी ती सांगितली. आठच्या आत बचावपथकाला ती तिघं सापडली, अर्ध्या उतारावरच्या गुरांच्या एका बंद गोठ्याच्या आडोशाला. काकूंचा पाय मुरगळलेला, लेकाचं जाकीट त्यांच्या अंगावर आणि लेक नुसत्या स्वेटरवर. आणखी अर्धा तास गेला असता तर, असं पथकातला माणूस फोनवर बाईंना म्हणाला. पुढचं बाईंनी मला सांगितलं नाही.

आबा, तुमचं चुकलं नव्हतं. तुम्ही आपल्या डोंगराचं सांगितलं होतं, मी ते परक्या डोंगराला लावलं, आणि वर तुमचं नाव घेतलं. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तरी लिहिता येतंय. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या. तर म्हणतात कशा, "तू सांगितलंस ते बरोबरच होतं रे बाळा. माझेच गुडघे आड आले, नाहीतर वेळेत उतरलो असतो."

मी "हो काकू" म्हणालो.