पांढऱ्यांच्या जागी तांबड्या कोंबड्या मिळणेबाबत, एक वगळून

प्रति,
मा. कुक्कुटपालन अधिकारी,
परसातील कोंबडीपालन योजना,
परळ विभाग, मुंबई.

विषय: लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या बदलून ऱ्होड आयलंड जातीच्या मिळणेबाबत.
संदर्भ: निरीक्षक श्री. रघुवीर यांची गेल्या आठवड्यातील नोटीस.

महोदय,

खाली अंगठा करणारी काशीबाई हरेश्वर वैती, राहणार शिवडी कोळीवाडा, हिची सविनय हकीकत अशी:

१. जाळे ओढताना दोर फिरून अर्जदारबाईंचा घरधनी हरेश्वर याचा उजवा हात जायबंदी झाला. हात पुढे बरा झाला, मन झाले नाही. तो दर्यावर जाईना. भिंतीकडे तोंड करून निजून राही. त्याला काही उद्योग असावा म्हणून बाईंनी आपल्या योजनेतून घरामागच्या परसासाठी कोंबड्या मागितल्या.

२. मागितल्या होत्या त्या तांबड्या, ऱ्होड आयलंड जातीच्या, हे कृपया ध्यानी घ्यावे. ती जात अंगाने जड, स्वभावाने थंड, कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही, असे आपल्याच प्रदर्शनात सांगितले होते. परंतु श्री. रघुवीर यांनी पांढऱ्या लेगहॉर्न दिल्या. ही जात अंडी जास्त देते, असे त्यांचे म्हणणे. ते खरे निघाले. मात्र ही जात उडते, हे त्यांनी सांगितले नाही.

३. पहिल्याच आठवड्यात कोंबड्या कुंपणावरून शेजारणीने वाळत घातलेल्या जवळ्यावर उतरल्या. शेजारीण बकुळा हिने वापरलेले शब्द सरकारी कागदावर लिहिण्याजोगे नाहीत; त्यानंतर तिने बोलणेच टाकले. पुढे अंड्यांना जवळ्याचा वास येऊ लागला. त्यावर आपल्या कचेरीने, अंडी मासळीच्या टोपलीत का ठेवली, असा खुलासा मागवला. अंडी मासळीत नव्हती. मासळी कोंबडीत होती.

४. गेल्या महिन्यात कोळीवाड्यातून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी घोषणा देत मिरवणूक निघाली. अर्जदारबाईही तीत होत्या, हे त्या लपवीत नाहीत. ताशा कडाडताच कोंबड्या उधळल्या. बाकीच्या कौलांवर बसल्या. एक मात्र थेट बंदरात, हरेश्वरचा दर्यावरचा जुना साथी धोंडू याच्या सुटत्या होडीवर जाऊन बसली. हरेश्वर तिच्यामागे धावला. चिखल तुडवीत कमरेइतक्या पाण्यात शिरून त्याने होडीची कड धरली, ती त्या उजव्याच हाताने. धोंडू कोंबडी परत देऊ लागला, तेव्हा हरेश्वर म्हणाला, "आता आलोच हाय तर चल. भरती थांबायची नाय."

सूर्य मावळताना तो परतला. काखेत कोंबडी, हातात पापलेटांची जोडी. बाईंनी पापलेटे त्याच्या हातून घेतली. मसाला वाटायला बसल्या आणि डोळे पुसायला मिरचीचे निमित्त झाले.

५. तेव्हापासून तो रोज दर्यावर जातो आणि त्या कोंबडीला सोबत नेतो. ती जाळ्याच्या ढिगात अंडे घालते. धोंडू तो शकुन मानतो. श्री. रघुवीर यांना तपासणीत एक कोंबडी कमी भरली, तेव्हा ती विकली किंवा खाल्ली, असा ठपका ठेवून त्यांनी नोटीस दिली. 'ती दर्यावर गेली आहे' हे बाईंचे उत्तर त्यांनी उद्धटपणा समजून लिहूनच घेतले नाही. उत्तर खरे आहे.

६. सबब विनंती की, बाकीच्या पांढऱ्या परत घेऊन तांबड्या द्याव्यात, म्हणजे बकुळा बोलू लागेल आणि अंड्यांचा वास जाईल. ती एक मात्र राहू द्यावी. एका परसात एकच जात असावी हा आपला नियम बाईंना मान्य आहे. सदर कोंबडी परसात नसतेच.

७. पुन्हा तपासणी करणे झाल्यास संध्याकाळी, होड्या किनाऱ्याला लागल्यावर यावे. सकाळीच येणे भाग असेल तर धोंडूच्या होडीत साहेबांना जागा आहे, असे हरेश्वरने सांगितले आहे. पोहता येते किंवा कसे, एवढे आधी कळवावे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी,
काशीबाई हरेश्वर वैती
(डाव्या हाताचा अंगठा)

शिवडी, ता. ११ फेब्रुवारी १९५८

सोबत: नोटिशीची नक्कल.