मधोमध बसवलेली भागीदार

मी, नोलुवो त्सेंगिवे, वय एकाहत्तर, अविवाहित, सनदी लेखापाल, राहणार वॉल्मर, पोर्ट एलिझाबेथ, दक्षिण आफ्रिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर धाकटी बहीण पुम्ला हिला द्यावे. काळ्यांना या भागात घर घेण्याची मुभा मिळताच मी न्यू ब्रायटनची आमची काळ्यांची वस्ती सोडली, ते तिला रुचले नाही. मी सणाला तिकडे गेले की बायका स्वयंपाकघरात हसत असायच्या. मी आत डोकावले की पुम्ला म्हणे, "तू बाहेर बस ताई, कपड्यांना वास लागेल." तिने हे घर विकले तरी माझी हरकत नाही.

२. गोऱ्यांच्या एकाही पेढीने मला शिकाऊ उमेदवारीला घेतले नाही. अखेर डर्बनच्या भारतीय वंशाच्या मूडली साहेबांनी घेतले. सनद मिळाली तोवर केस पिकू लागले होते. गोऱ्यांचे राज्य गेले आणि श्री. गिडिऑन लाबुशेन यांनी मला आपल्या गोऱ्या पेढीत भागीदार केले. काळे भागीदार असलेल्या पेढ्यांना सरकार आता प्राधान्य देई, त्यामुळे सरकारी कामांच्या बैठकांना मला हमखास नेत. एकदा मी एका कारखान्याच्या लेखापरीक्षणाचे काम स्वतःकडे मागितले. ते मवाळपणे म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्ही नुसत्या बसलात तरी आपल्याला काम मिळतं." मी राजीनामा दिला. पेढीच्या माहितीपत्रकातला फोटो चौकटीसह त्यांना पाठवावा. त्यात सगळ्यांच्या मधोमध मी आहे.

३. माझे स्वतःचे कार्यालय सहकारी लिंडेल्वा कोटा हिला द्यावे. गोरे ग्राहक तिथे फिरकले नाहीत. न्यू ब्रायटनला आमच्याच गल्लीत वाढलेला एक बसमालक म्हणाला, "मोठ्या कामाला गोराच बघतो, बाई. राग मानू नका." मी राग मानला. लिंडेल्वाने पाटी खुशाल बदलावी, पण दुपारी एकटीने जेवू नये. ही अट नाही, विनंती आहे.

४. बचतीतून माझा अंत्यविधी न्यू ब्रायटनला करावा, आमच्या रीतीप्रमाणे गाय कापावी, पंगत मोठी असावी. जुन्या पेढीतल्यांना बोलावू नये. आले तर जेवू घालावे. उरेल ते पुम्लाचे. अंमलबजावणी बँकेने करावी.

साक्षीला लाभ नसलेली दोन माणसे लागतात. कोणी आठवेना, म्हणून शेजारच्या फुरी या गोऱ्या दांपत्याला विचारले. आजवर कुंपणापलीकडून हात हलवणे एवढीच ओळख. घरात ती दोघे आज प्रथमच आली. लेखणी पुढे केली तर हेस्टरबाई म्हणाल्या, "आधी चहा टाकता का? आम्हाला काही घाई नाही."

म्हणून सह्या चहानंतर होत आहेत.

नोलुवो त्सेंगिवे (सही)
साक्षीदार : १. हेस्टर फुरी (सही) २. डॅनी फुरी (सही)
पोर्ट एलिझाबेथ, १४ जुलै २०१७