गच्चीवरून बघितलेली फायनल

८ डिसेंबर, रविवार
ठरलं. बुधवारची फायनल मी सोफ्यावर बसून बघणार, नवऱ्याच्या, अंसेल्मोच्या शेजारी. आमचा फुटबॉल क्लब दक्षिण अमेरिकेचा चॅम्पियन, समोर युरोपचा चॅम्पियन, मॅच दोहात. अंसेल्मो ब्याऐंशीचा आहे. अशी मॅच त्याच्या आयुष्यात पुन्हा यायची नाही. लग्नाआधी स्टँडमधून मॅच बघताना आपल्याला कॉर्नर किक मिळाली की तो माझा हात घट्ट धरायचा. शाळेच्या सिस्टर इमाकुलादांना वाटायचं, मी चर्चच्या गायनाला गेलेय.
उद्या जेवताना सगळ्यांना सांगते.

९ डिसेंबर
सांगितलं नाही. एम्पानाडा, म्हणजे आमच्या खिम्याच्या करंज्या, गार झाल्या असत्या.
अडचण शकुनाची आहे. दक्षिण अमेरिकेच्या कपच्या सेमीफायनलला मी गच्चीवर टॉवेल वाळत घालत होते. वाऱ्याने लोखंडी दार आपटून बंद झालं, मी वरच अडकले आणि तेवढ्यात आपले दोन गोल झाले. नणंद डेलिया साखर मागायला आली होती. ती माझ्या जागेवर टेकली आणि पेनल्टीला घाबरून तिने भावाचा हात धरला. तेव्हापासून प्रत्येक मॅचला मी वर, दाराला आतून कडी, आणि डेलिया सोफ्यावर हात धरून. आपला रंग कोणता, हे ती अजून विचारून घेते.
आमच्या अवेयानेडा गावात शकुनाशी कोणी खेळत नाही. मीही नाही. पण शांतपणे समजावलं की घरातले माझं ऐकतात.

१० डिसेंबर
बोलले. आवाज न चढवता, ठामपणे.
मुलगा फाबियान म्हणाला, "आई, तू क्लबपेक्षा मोठी आहेस का?" डेलिया म्हणाली, "वहिनी, मला काय हौस आहे? घाम येतो याच्या हाताला." मग सोड की, म्हटलं. तर म्हणे, "सोडला आणि हरलो तर? मला याच गल्लीत राहायचंय."
अंसेल्मो मनातून माझ्या बाजूने आहे, हे डोळ्यांत दिसत होतं. मग म्हणाला, "नेली, टॉवेल तेच निळे घे हं."
तडजोड झाली. पहिला हाफ मी वर, दुसरा खाली. त्यांना अजून सांगायचं आहे.

११ डिसेंबर, दुपारी
वर आले. स्वतःहून. टॉवेल कोरडे होते, म्हणून पुन्हा भिजवून आणले. फाबियानने कडी लावली. डिसेंबरचा उन्हाळा, ऊन भाजून काढतंय. टोपी खाली राहिली.

थोड्या वेळाने
शेजारच्या गच्चीवर फटाके. डॉन एवारिस्तो गावातल्या दुसऱ्या, आमच्या वैरी क्लबचा, म्हणजे आजच्या दिवसापुरता युरोपचा. भिंतीवरून अदबीने म्हणाला, "दोन्या नेली, एक-शून्य. तुमच्या दुःखात सहभागी आहे." आणि आणखी एक लावला.

हाफटाइम
दार वाजवलं. आतून फाबियान: "आई, आता काही बदलायचं नाही." म्हटलं, अरे, हरतोय, बदलायलाच हवं. तर म्हणे, "हरतोय म्हणूनच नको." मला कळलं नाही, पण तो इंजिनियर आहे.

नंतर
त्यांचा दुसरा गोल. मग तिसरा. तिसऱ्याला मला आनंद झाला नाही. फक्त मोकळं वाटलं. दोन्ही वेगळं असतं.

संध्याकाळी
तीन-शून्य. कडी काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शेवटी एवारिस्तोने खाली फोन केला, तेव्हा डेलिया रडून लाल झालेले डोळे घेऊन आली, दार उघडलं आणि थेट घरी गेली.
सोफ्यावरची जागा रिकामी होती. बसले. टीव्हीवर दुसरेच लोक कप उचलत होते. म्हटलं, झालं, गच्चीचा काही उपयोग नाही, हे सिद्ध झालं.
अंसेल्मोने माझा हात धरला. किती वर्षांनी. म्हणाला, "नेली, तू वर होतीस म्हणून तिनावर निभावलं. नाहीतर सहा खाल्ले असते."
फाबियान म्हणाला, "सात."

१५ डिसेंबर, रविवार
लीगची मॅच. वर आहे. पण या वेळी मी अट घातली: बसायला चांगली खुर्ची हवी. एका शब्दात मान्य झाली. खुर्ची छान आहे, हातांची. जागा तसूभरही हलू नये म्हणून फाबियानने चारही पाय सिमेंटमध्ये पक्के बसवून दिलेत.